दानधर्म आणि परवाना : अपंग मुलांसाठी शाळेबाहेर चालणाऱ्या उपक्रमांच्या नोंदणीचा इतिहास

सोलापूरच्या चाटी गल्लीत कापड मोजण्याच्या मीटरपट्टीवर वजनमापे खात्याचा शिक्का असावा लागतो. मुदत संपली की पट्टी पुन्हा तपासून घ्यावी लागते, फी भरावी लागते आणि नवा शिक्का घ्यावा लागतो. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी. या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या हा शिरस्ता चालत आला असून पट्टीवर शिक्का मारून घेण्यात आपल्या सचोटीचा अवमान झाला, असे कोणाही व्यापाऱ्यास वाटत नाही. परंतु तोच व्यापारी सायंकाळी दुकान वाढवून ट्रस्टच्या बैठकीस जातो, तेथे अपंग मुलांसाठी दुपारचा वर्ग सुरू करण्याचा ठराव येतो, आणि "यास शासनाची नोंदणी लागते" असे कोणी म्हणाले की सभेत नाराजी पसरते. जागा आपली, पैसा आपला, मुले आपल्याच पेठेतील. मग सरकारचा शिक्का कशासाठी? महाराष्ट्रातील बहुतेक धर्मादाय संस्थांना हा प्रश्न केव्हा ना केव्हा पडलेला आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी सव्वाशे-दीडशे वर्षे मागे जावे लागते.

(प्रस्तुत लेखात 'अपंग', 'मतिमंद' हे शब्द त्या त्या काळच्या कायद्यांत व कागदपत्रांत होते म्हणून आले आहेत. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचविला आणि पुढे तो शासकीय व्यवहारात रूढ झाला.)

सोलापूर जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर या कार्याचा आरंभ पंढरपुरात शोधावा लागेल. लालशंकर उमियाशंकर हे गुजराती गृहस्थ तेथे न्यायाधीश असताना १८७५ साली त्यांच्या पुढाकाराने अनाथ व टाकून दिलेल्या अर्भकांसाठी बालकाश्रम निघाला. मुंबईच्या प्रार्थना समाजाने तो सांभाळला आणि पुढे तो वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम या नावाने ओळखला जाऊ लागला. आश्रम निघाल्यानंतर लगेच १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला. त्या वेळी असा आश्रम काढण्यास कोणत्याही परवान्याची गरज नव्हती. आश्रमात आलेल्या मुलांपैकी कोण आंधळे, कोण बहिरे, कोण मंदबुद्धी, ही वर्गवारी कायद्याच्या हिशेबी नव्हती. न्यायाधीशाचा शब्द आणि वर्गणीदारांचा विश्वास एवढ्यावर संस्था उभी राहिली.

मुंबईतही तोच प्रकार होता. मूकबधिरांची शाळा १८८४-८५ च्या सुमारास मिशनऱ्यांनी काढली, दादरची अंधशाळा १९०० साली अमेरिकन मिशनने काढली. मतिमंद मुलांसाठी मात्र १९४४ साल उजाडावे लागले. मुंबईच्या वकील दाम्पत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने सुरू केलेली शाळा आज जय वकील या नावाने प्रसिद्ध आहे. पुण्यात कामायनी १९६४ साली निघाली, आणि मेंदूच्या पक्षाघाताने जखडलेल्या मुलांसाठी मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटीचे केंद्र सुरू केले. यांतील कित्येक संस्था प्रथम घरातील एका खोलीत किंवा उसन्या जागेत, दोन-चार मुलांवर चालू झाल्या. शाळा ही पदवी त्यांना नंतर मिळाली. आज ज्यास आपण शाळेबाहेरील उपक्रम म्हणतो, तोच या क्षेत्रातील मूळ प्रकार होय.

जैन समाजाची परंपरा याहून निराळी नव्हती. आहार, औषध, शास्त्र व अभय या चार दानांचा उपदेश प्रत्येक श्रावकास बालपणापासून ऐकावयास मिळतो. सोलापुरात पांजरपोळ चौक आहे, आणि पांजरपोळ म्हणजे काय हे येथे कोणास समजावून सांगावे लागत नाही. थकलेले, लंगडे जनावर कोणाच्याही उपयोगाचे नसले तरी त्यास मरेपर्यंत वैरण घालावयाची, हा त्यामागील विचार. माणसाची तुलना जनावराशी करण्याचा येथे हेतू नाही. सांगावयाचे ते व्यवस्थेविषयी. पांजरपोळाचा कारभार महाजन पाहत, वही ठेवत आणि ती वही पाहण्याचा अधिकार वर्गणी देणाऱ्या प्रत्येकास असे. म्हणजे देखरेख होतीच, परंतु ती समाजाची होती, सरकारची नव्हती.

सरकार या कारभारात ठळकपणे आले ते मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या कायद्याने. सोलापूर तेव्हा मुंबई राज्यात होते. प्रत्येक सार्वजनिक ट्रस्टने धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी, हिशेब तपासून घ्यावेत व वर्गणी भरावी, असे ठरले. यास न्यायालयात आव्हान देणाऱ्यांत एका जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी अग्रभागी होते, ही गोष्ट आज फारशा जैन विश्वस्तांस ठाऊक नाही. पारशी पंचायतीचे विश्वस्तही त्यांच्याबरोबर होते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९५४ मध्ये निकाल दिला. नोंदणी, हिशेबतपासणी व वर्गणी न्यायालयाने वैध ठरविली. मात्र खुद्द धर्मादाय आयुक्तांसच धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमता येईल, ही तरतूद घटनाबाह्य म्हणून रद्द केली. धर्म कसा पाळावा हे संस्थेने ठरवावे, परंतु मालमत्तेचा कारभार चोख आहे की नाही हे पाहण्याचा शासनास अधिकार आहे, अशी रेषा न्यायालयाने आखून दिली. पुढील साऱ्या चर्चेत ही रेषा ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तथापि १९५० च्या कायद्याने पाहिला तो पैसा. त्या पैशातून चाललेल्या खोलीत मुलाशी कोण कसे वागते, हे पाहणे धर्मादाय आयुक्तांचे काम नव्हते.

ते काम अंशतः १९५६ चा स्त्रिया व मुलांच्या संस्थांना परवाना देणारा कायदा आणि १९६० चा अनाथालये व धर्मादाय गृहे यांवरील देखरेखीचा कायदा यांनी करावे, अशी अपेक्षा होती. दोन्ही केंद्राचे कायदे. मात्र दोहोंच्या नजरेसमोर होते ते मूल जेथे राहते, जेवते व झोपते ते छप्पर. सकाळी येऊन सायंकाळी घरी जाणारे मूल त्यांच्या कक्षेत सहसा येत नव्हते.

मतिमंद मुलांची स्थिती याहूनही चमत्कारिक होती. १९१२ च्या वेड्यांविषयीच्या कायद्याने जन्मतः मंदबुद्धी असलेल्यास आणि वेड लागलेल्यास एकाच व्याख्येत कोंबले होते. ही चूक दुरुस्त करावयाची म्हणून १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्वास व्याख्येतून वगळले. हा कायदा १ एप्रिल १९९३ पासून अमलात आला. सुधारणा योग्यच होती, पण तिचा एक परिणाम कोणी फारसा बोलून दाखविला नाही. मनोरुग्णांच्या रुग्णालयास परवाना आवश्यक ठरला, आणि मतिमंदांसाठी चालणाऱ्या केंद्रास त्या कायद्याखाली काहीच लागेनासे झाले. व्याख्येतून सुटका झाली तशी देखरेखीतूनही सुटका झाली.

महाराष्ट्रात अपंगांच्या शाळा शिक्षण खात्याकडे नसून समाजकल्याण खात्याकडे राहिल्या. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यानंतर जिल्हा समाजकल्याण अधिकारी हाच संस्थाचालकांच्या परिचयाचा अधिकारी झाला. याचा परिणाम दूरवर झाला. अपंग मुलाचे शिक्षण हा हक्काचा विषय न राहता कल्याणाचा, म्हणजे पर्यायाने अनुदानाचा विषय बनला. संस्थाचालकांच्या बोलण्यात मान्यता, नोंदणी व अनुदान हे तीन शब्द एकमेकांत मिसळले ते येथूनच. वस्तुतः तिन्ही निरनिराळ्या गोष्टी आहेत. नोंदणी म्हणजे संस्था चालविण्यास कायद्याची अनुज्ञा. मान्यता म्हणजे शाळा वा कार्यशाळा म्हणून तिच्या दर्जाचा स्वीकार. अनुदान म्हणजे पैसा. "आम्हांस सरकारचा पैसा नको, म्हणून नोंदणीही नको" हे वाक्य सोलापुरातच काय, कोणत्याही जिल्ह्यात ऐकू येते, आणि ते सद्‌भावनेने उच्चारलेले असले तरी कायद्याच्या दृष्टीने चुकीचे आहे.

ते चुकीचे ठरले ७ फेब्रुवारी १९९६ या दिवशी. त्या दिवशी अपंग व्यक्ती (समान संधी, हक्कांचे संरक्षण व संपूर्ण सहभाग) अधिनियम, १९९५ अमलात आला. त्यातील दोन भाग एकमेकांशेजारी ठेवून वाचले पाहिजेत. कलम २७ ने शासनावर काही योजना करण्याची जबाबदारी टाकली : पाचवीनंतर पूर्ण वेळ शाळेत जाऊ न शकणाऱ्या अपंग मुलांसाठी अंशकालीन वर्ग, सोळा वर्षांवरील मुलांसाठी कामापुरत्या साक्षरतेचे खास वर्ग, ग्रामीण भागात उपलब्ध मनुष्यबळास थोडे प्रशिक्षण देऊन अनौपचारिक शिक्षण, आणि मुक्त शाळांद्वारे शिक्षण. शाळेच्या चार भिंतींबाहेर काहीतरी घडले पाहिजे, हे भारताच्या कायद्याने इतक्या स्पष्टपणे या निमित्ताने मान्य केले. असा वर्ग भरवावयाचा तर ट्रस्टचे सभागृह, धर्मशाळेची पडवी, उपाश्रयाशेजारची खोली याहून सोयीची जागा कोणती?

त्याच कायद्याच्या दहाव्या प्रकरणाने, कलम ५० ते ५५ ने, मात्र दाराशी रखवालदार उभा केला. राज्य शासनाने सक्षम प्राधिकारी नेमावा, आणि त्याच्या नोंदणी प्रमाणपत्राखेरीज कोणीही अपंगांसाठी संस्था स्थापू वा चालवू नये. आधीपासून चालू असलेल्या संस्थांस सहा महिन्यांची मुदत मिळाली. तेवढ्यात अर्ज केला तर त्याचा निकाल लागेपर्यंत काम चालू ठेवता येत होते. संस्था म्हणजे काय, याची व्याख्या पाहिली तर तीत स्वीकार, काळजी, संरक्षण, शिक्षण, प्रशिक्षण व पुनर्वसन इतके सांगून शेवटी "अन्य कोणतीही सेवा" असे शब्द जोडलेले आहेत. सारा भार या अखेरच्या शब्दांवर आहे. दुपारी दोन तास मेणबत्त्या व कागदी पिशव्या करावयास शिकविणारा वर्गही त्यांत बसतो, मुलांस आठवड्यातून एकदा खेळावयास नेणारे मंडळही बसू शकते. एका कलमाने शासनास सांगितले की असे वर्ग निघू द्या, आणि दुसऱ्याने चालकास सांगितले की आधी पुण्यास अर्ज करा. दोन्ही गोष्टी परस्परविरोधी आहेत असे प्रथमदर्शनी वाटते, पण तसे मानण्याचे कारण नाही. वर्ग निघावेत आणि ते कोठे, कोणाच्या हाती आहेत हे शासनास ठाऊक असावे, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

प्रमाणपत्र नाकारावयाचे तर अर्जदारास म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागे. ते रद्द झाल्यास अपील करता येई. संस्था बंद पडल्यास तेथील अपंग व्यक्तीस पालकांकडे किंवा दुसऱ्या संस्थेकडे सोपविण्याची तरतूद होती. प्रमाणपत्र ठळक जागी लावून ठेवण्याची अट तर गादीमागे गुमास्ता परवाना टांगणाऱ्या व्यापाऱ्यास अनोळखी वाटू नये. मात्र नोंदणीवाचून संस्था चालविल्यास शिक्षा काय, याविषयी १९९५ च्या कायद्यात स्वतंत्र कलम नव्हते. बिनशिक्क्याच्या पट्टीस दंड नसेल तर बाजारात किती पट्ट्यांवर शिक्का राहील, याचा अंदाज वाचकांनी करावा.

महाराष्ट्रात अपंग कल्याण आयुक्तांचे कार्यालय पुण्यास आहे आणि नोंदणीचे अधिकार त्यांच्याकडे आहेत. विशेष शाळा व कार्यशाळांसाठी १९९७ ची संहिता झाली. इमारत, कर्मचारी, विद्यार्थिसंख्या, दप्तर यांचे नियम तीत आले. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नाव नोंदलेलाच विशेष शिक्षक असावा, हा दंडकही याच काळातील. संहितेने शाळेचे चित्र स्पष्ट केले, पण जो उपक्रम शाळा नाही, कार्यशाळा नाही, वसतिगृहही नाही, त्याचे माप त्याच गजाने घेतले जाऊ लागले. वीस मुलांसाठी रोज दोन तास चालणाऱ्या वर्गास पूर्ण शाळेइतके दप्तर ठेवणे जड जाते. येथे विश्वस्तांची तक्रार रास्त आहे आणि ती नोंदविणे आवश्यक आहे. लहान उपक्रमासाठी लहान, सुटसुटीत नोंदणी असती तर कितीतरी वर्ग उजेडात आले असते.

परंतु नोंदणीच नको, या म्हणण्यास तीन घटनांनी उत्तर दिले आहे. तमिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी येथे दर्ग्याच्या आसपास मनोरुग्णांची खाजगी 'गृहे' चालत. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यांपैकी एकास आग लागली. रुग्णांस साखळदंडांनी बांधून ठेवलेले होते. त्यांस पळता आले नाही. २८ जण मृत्युमुखी पडले. त्या गृहास परवाना नव्हता. लोक तेथे आप्तांस श्रद्धेने सोडून जात. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि देशभरातील अशा गृहांची पाहणी करण्याचा आदेश दिला.

दुसरी व तिसरी घटना महाराष्ट्रातील. ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या बालगृहातील हाल २०१० मध्ये वृत्तपत्रांतून बाहेर आले आणि मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरण हाती घेतले. डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली राज्यस्तरीय समिती नेमली गेली व राज्यातील मतिमंद बालगृहांची तपासणी सुरू झाली. त्याच सुमारास, २०११ मध्ये, पनवेलजवळच्या कळंबोली येथील संस्थेतील मतिमंद मुलींवरील अत्याचार उघडकीस आले. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये संस्थेच्या चालकासह इतरांस दोषी ठरविले. ज्या मुलीस घडलेले सांगता येत नाही, सांगितले तरी कोणास ते कळत नाही, तिच्या बाजूने बाहेरचा कोणी माणूस आत येऊन पाहणार नसेल तर तिने कोणाकडे जावे? दानाची पावती फाडणारा आणि पावती घेणारा, दोघेही त्या खोलीत नसतात. विश्वस्त सज्जन आहेत, एवढ्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण रोज मुलांजवळ असतो तो पगारी माणूस.

हेही स्पष्ट केले पाहिजे की कागदावरील परवाना म्हणजे संरक्षण नव्हे. या प्रकरणांतून जी गोष्ट पुढे आली ती निरीक्षणाच्या अभावाची. प्रमाणपत्र देताना एकदा पाहून नंतर वर्षानुवर्षे न फिरकणारा निरीक्षक आणि मुळीच नसलेला निरीक्षक यांत मुलांच्या दृष्टीने फरक थोडा.

यानंतर कायदे झपाट्याने कडक झाले. २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याने, मुलाच्या अपंगत्वाचा गैरफायदा घेऊन केलेला अपराध अधिक गंभीर मानला. आपल्या हाताखालील माणसाचा अपराध ठाऊक असून न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद केली. हे कलम वर्ग नोंदलेला आहे की नाही हे पाहत नाही. अध्यक्ष व चिटणीस यांनी ते मुद्दाम वाचावे असे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. सात प्रकारच्या अपंगत्वांची जागा एकवीस प्रकारांनी घेतली. कलम ४९ ते ५५ मध्ये नोंदणीची व्यवस्था पुन्हा आली, पण दोन महत्त्वाच्या भरींसह. एक म्हणजे अर्जाचा निर्णय नव्वद दिवसांत द्यावा, हे बंधन प्राधिकाऱ्यावर आले. दुसरी म्हणजे कायद्याच्या भंगास कलम ८९ अन्वये पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत, आणि पुन्हा घडल्यास पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंड आला. वीस वर्षे राहिलेली उणीव अशी भरून निघाली. ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला आणि साठ वर्षांहून अधिक काळ समाजकल्याणाच्या छत्राखाली असलेला हा विषय वेगळा झाला.

आता राहिला तो वयाचा प्रश्न, आणि पालकांस रात्री झोप लागू न देणारा प्रश्न खरोखर हाच आहे. विशेष शाळा अठराव्या वर्षापर्यंत. एकोणिसाव्या वर्षी तो मुलगा, ती मुलगी घरी बसते. त्या वयात कायद्याने आईबापही आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या सहभागाने स्थानिक समिती निर्माण केली. पालक नेमण्याचा अधिकार तिला आहे. याच न्यासाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरील व्यक्तींसाठी 'विकास' ही दिवसभराच्या केंद्राची योजना आखली. तिच्यासाठी न्यासाकडे संस्थेची वेगळी नोंदणी लागते आणि केंद्र दिवसाचे किमान सहा तास चालावे, अशी अपेक्षा असते. डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेने घरकुल उभारले, ते पालकांनीच एकत्र येऊन.

सोलापुरात हे सहा तास कोणास हवे आहेत, हे पाहावयाचे तर शहराबाहेर कुंभारीकडे जावे लागेल. तेथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने महिला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. विडीची मजुरी हजारावर ठरते आणि हजार विड्या वळावयास बाईचा अवघा दिवस जातो. घरात अठरा वर्षांवरील मतिमंद मुलगा असेल तर पान कातरताना, तंबाखू भरताना तिची एक नजर सूपात आणि एक दाराकडे असते. तो बाहेर पडला की काम थांबते, आणि विड्या कमी भरल्या की मजुरी कमी होते. अशा घरी सकाळी दहाला न्यावयास रिक्षा आली आणि दुपारी चारला तिने मुलास परत आणून सोडले, तर त्या अवधीत सात-आठशे विड्या होतात. मुलगा ज्या खोलीत गेला तेथे त्यास कोण सांभाळते, त्या माणसाचे नाव कोणाच्या दप्तरी आहे, हे तिने सूप मांडीवर असताना विचारावे कोणास? भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र तिला वाचता येईलच असे नाही. ते तेथे आहे, हे तिला कोणी तरी सांगावे लागेल.